ग्रामीण रुग्णालयातली रांग, साडेबाराची एसटी आणि थोडं गणित : कोकणातले अनुभव हवे आहेत

सड्यावरची

नमस्कार मंडळी. दोन महिन्यांपूर्वी आईला घेऊन आमच्या ग्रामीण रुग्णालयात गेले होते. दक्षिण रत्नागिरीतलं आहे, नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं मनापासून राबतात. आईच्या बीपीच्या गोळ्या संपल्या होत्या, काम तेवढंच. केसपेपर, बीपी मोजणं, डॉक्टर, औषधांची खिडकी अशा चार रांगा झाल्या. शेवटच्या रांगेत आमच्या पुढे एक आजी होत्या. साडेबारा वाजत आले तसा त्यांनी हातातला कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि निघाल्या. म्हटलं, आजी, पुढे चारच माणसं आहेत. म्हणाल्या, "गाडी चुकली तर मग साडेचारला, बाय. गोळ्या पुढल्या मंगळवारी."

रजिस्टरमध्ये त्या आजी 'तपासलेला रुग्ण' आहेत. गोळ्यांशिवाय घरी गेल्या हे कुठल्याच रकान्यात नाही. मला त्या दिवशी झोप लागली नाही.

माझं शिक्षण संख्याशास्त्राचं, नोकरी एका कारखान्याच्या नियोजन विभागात, सध्या घरूनच काम. एखादं यंत्र बंद ठेवलं, पाळी बदलली तर माल कुठे अडेल, हे आम्ही आधी संगणकावर चालवून बघतो. त्याला सिम्युलेशन म्हणतात आणि ते ज्या शाखेत मोडतं ती ऑपरेशन्स रिसर्च. मालासाठी रोज करते ते माणसांसाठी का करू नये? म्हणून अधीक्षकांची परवानगी काढली आणि अकरा दिवस व्हरांड्यात वही घेऊन बसले. कोण किती वाजता आलं, कुठल्या खिडकीवर किती वेळ उभं राहिलं, केव्हा गेलं.

पहिलीच गोष्ट दिसली ती सांगते. आकडे सोपे करून घेतलेत. समजा ४० माणसं आली, डॉक्टरांना प्रत्येकी ४ मिनिटं लागतात. एकूण काम १६० मिनिटांचं आणि ओपीडी चार तासांची, म्हणजे २४० मिनिटांची. कागदावर निवांत वाटतं. पण ही चाळीसच्या चाळीस साडेआठला एकाच वेळी दारात असतील तर शेवटचा माणूस दोन तास ३६ मिनिटं थांबतो, सरासरी ७८ मिनिटं, आणि शेवटची ८० मिनिटं डॉक्टरांसमोरची खुर्ची रिकामी. तीच माणसं वीस-वीसच्या दोन खेपांत, साडेआठला आणि दहाला आली, तर सरासरी ३८ मिनिटांवर येते. डॉक्टर तेच, खोली तीच.

तर विचारायचं आहे: तुमच्या गावात माणसं दवाखान्यात नेमकी कधी आणि कशाने पोचतात? असं काही कुणी करून पाहिलंय का? आणि याचा उपयोग होईल असं वाटतं का?

हापूस_उशिरा

रांगेवरचा धागा आहे तेव्हा आधी रुमाल टाकून जागा धरतो. सविस्तर रात्री.

रांगोळी९

@हापूस_उशिरा, आमच्याकडे रुमाल चालत नाही. पहाटे येऊन चपला आणि पिशव्या ओळीने लावतात, वाऱ्याने पिशवी उडू नये म्हणून आत दगड. मालक तिकडे चहाला. सिस्टर आल्या की पंचवीस चपलांना पंचवीस माणसं फुटतात. :)

ताई, लिहीत राहा. माझ्या सासूबाईंचीही हीच कथा आहे.

डॉ_पाणंद

प्राथमिक आरोग्य केंद्रात सात वर्षं काढली आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो. रांगेचं पहिलं कारण रिक्त जागा. दोन डॉक्टरांच्या जागी एक असतो, तोच सकाळी ओपीडी बघतो, मधेच बाळंतपण आलं की उठतो, शवविच्छेदन आलं की उठतो, व्हिडिओवरच्या बैठकीलाही तोच. गणिताने डॉक्टर येत नाहीत. 'आहे त्यातच भागवा' म्हणायला वरच्यांना आणखी एक कागद मिळू नये, ही माझी खरी भीती आहे.

बाकी, वही घेऊन अकरा दिवस बसलात त्याबद्दल मनापासून आदर.

गणू_गणिती

डॉक्टर, तुमच्या बाजूने बोलणारं गणितच आधी देतो. रांगेचं शास्त्र सुरू झालं डेन्मार्कमध्ये. आग्नर एरलांग कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत होते, त्यांचा पहिला लेख १९०९ चा. त्यातून पुढे आलेलं साधं सूत्र असं: माणसं कधीही येत असतील आणि तपासायला लागणारा वेळही कमीजास्त होत असेल तर वाट बघण्याचा वेळ कामाच्या ओझ्याच्या प्रमाणात वाढत नाही, शेवटी शेवटी एकदम उसळतो.

एक डॉक्टर, सरासरी ४ मिनिटं, म्हणजे तासाला जास्तीत जास्त १५ रुग्ण. तासाला १२ येत असतील (८० टक्के ओझं) तर सरासरी १६ मिनिटं थांबावं लागतं. ९० टक्क्यांवर ३६ मिनिटं. ९५ टक्क्यांवर ७६. म्हणजे जो डॉक्टर सतत गुंतलेला दिसतो त्याच्या दारातली रांग कधीच आटोक्यात येणार नाही. 'डॉक्टर मोकळे बसलेले दिसतात, म्हणजे जागा जास्त आहेत' असं कुणी म्हणालं तर हे तीन आकडे पुढे करा. थोडी मोकळीक ठेवावीच लागते.

सड्यावरची

@डॉ_पाणंद, तुमची भीती मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे. पहिल्या दिवशी मलाही वाटलं होतं की जागा भरल्या की प्रश्न मिटला. पण आमच्याकडे मधल्या आठवड्यात दोन डॉक्टर होते आणि आजींसारख्या बाया तरीही गोळ्या न घेता गेल्या, कारण दोन डॉक्टरांनी भराभर तपासून सगळी गर्दी औषधाच्या एकाच खिडकीवर आणून सोडली. डॉक्टर हवेतच. पण ते आल्यावर रांग कुठे सरकते, हेही बघायला हवं.

@गणू, सूत्र बरोबर आहे, पण ते न थांबणाऱ्या, दिवसरात्र चालणाऱ्या रांगेचं आहे. आपली ओपीडी चार तासांत संपते आणि दार उघडायच्या आधीच चाळीस जण उभे असतात. ती स्थिर अवस्था इथे येतच नाही. म्हणून सिम्युलेशन. संगणकाला सांगायचं की हा मंगळवार एक हजार वेळा जगून दाखव, कधी बाळंतपण येईल, कधी गाडी उशिरा, आणि मग बघायचं साडेबाराला कितीजण हात हलवत जातात. नॉर्मन बेली यांनी इंग्लंडमध्ये १९५२ साली संगणकाशिवाय, यादृच्छिक अंकांवरून कागदावर हेच केलं होतं, तेही बाह्यरुग्ण विभागासाठी. त्यातून निघालेला सल्ला अगदी घरगुती आहे: सुरुवातीला दोन रुग्ण बोलवा, पुढचे एकेक करून सरासरी वेळेच्या अंतराने. डॉक्टर रिकामे राहत नाहीत आणि रांगही साचत नाही.

गजालीकार

वायच माझा पण आयका. आमच्या हय सकाळची पयली गाडी साडेसातची. सगळे म्हातारे त्याच गाडयेन जातत. तुमचो बेली सांगता एकेक बोलवा. दहाक येवक गाडी खंय आसा? रिक्षा करूची तर जाऊन-येऊन पाचशे. गोळये फुकट आणि रिक्षा पाचशेची, ह्या कसला गणित?

आणि जे दर्यार जातत त्यांचो टायम घड्याळार नाय, भरती-सुकतीर. होडी लागली, लिलाव झालो, मगे डॉक्टर. तुमच्या कॉम्प्युटरात चंद्र पण घाला गो बाय.

गणू_गणिती

@गजालीकार, चंद्र नक्की घालता येतो. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते आणि वेळा वर्षभर आधी ठाऊक असतात. ज्या दवाखान्यात येणाऱ्यांपैकी बरेचसे बंदरावरचे आहेत तिथे ओपीडीची गर्दी पंचांग बघून सांगता यायला हवी. हा मुद्दा मला पुस्तकात कधी भेटला नसता. 🙏

काठावरचा

थोडं अवांतर, पण विषय तोच. रांगेतला माणूस निदान दारात तरी पोचलेला असतो. न पोचणाऱ्यांचं काय?

आमचं घर गुहागर तालुक्यात, खाडीच्या या अंगाला. दाभोळ समोर दिसतं, रात्री दिवे मोजता येतात. दिवसा धोपाव्याहून फेरीबोटीने गाडीसकट पलीकडे जाता येतं. रात्री फेरी बंद झाली की तेच दाभोळ चिपळूण, खेड, दापोली असा वळसा घालून गाठायचं. काकांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा फोनवरच्या मुलीने सर्वांत जवळची रुग्णवाहिका सांगितली ती नकाशावर जवळची होती, पाण्यापलीकडची. दुसरी चिपळूणकडून यायला निघाली. काका वाचले, पण ती वाट बघणं मी विसरणार नाही. त्या मुलीचा दोष नव्हता. नकाशाला खाडी कळत नव्हती.

१०८ सेवा राज्यात २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्या कुठे उभ्या कराव्यात यासाठी काही गणित असतं का? माहीतगारांनी सांगावं.

गणू_गणिती

@काठावरचा, असतं. अंगावर काटा आला वाचून.

१९७१ मध्ये टोरेगास, रेव्हेल आणि सहकाऱ्यांनी प्रश्न असा मांडला: प्रत्येक वस्तीला ठरलेल्या मिनिटांत मदत पोचायची असेल तर कमीत कमी किती ठिकाणी गाड्या ठेवाव्या लागतील? १९७४ मध्ये चर्च आणि रेव्हेल यांनी तो फिरवला: गाड्या मोजक्याच आहेत, तर जास्तीत जास्त माणसांपर्यंत पोचेल अशी जागा कोणती? दोन्हींचा सगळा जीव 'मिनिटं' या शब्दात आहे. कोकणात अंतर किलोमीटरमध्ये घातलं की उत्तर चुकलंच. खाडी, फेरीची वेळ, घाट, पावसाळा या सगळ्यांनी मिनिटं बदलतात. दिवसाचा एक तक्ता आणि रात्रीचा वेगळा, एवढं केलं तरी गाडी उभी करायची जागा बदलू शकते.

दुसरी गोम अशी की गाडी जागेवर आहे हे गृहीत धरलेलं असतं. रत्नागिरीहून एखाद्याला आंबा घाटाने कोल्हापूरला हलवलं की ती गाडी जाऊन-येऊन सहा-सात तास गेली. तेवढा वेळ नकाशावर तिचं वर्तुळ आहे, पण आत काहीच नाही. रिचर्ड लार्सन यांनी १९७४ मध्ये नेमकं हेच गणितात आणलं: गाडी किती वेळ दुसरीकडे गुंतलेली असते, आणि तेव्हा दुसरी कुठून येते.

माहेर_महाड

पावसाळ्याचा उल्लेख झाला म्हणून. २०२१ च्या २२ जुलैला चिपळूण पाण्याखाली गेलं. २०२२ च्या जुलैत परशुराम घाट बंद होता. अशा वेळी सगळं एकदमच बंद पडतं, एक रस्ता, मग दुसरा, मग फोन. तुमच्या मॉडेलमध्ये हे धरता येतं का, की तिथे नेहमीचा कोरडा मंगळवारच असतो?

सड्यावरची

@माहेर_महाड, धरता येतं आणि धरायलाच हवं. रस्त्यांच्या जाळ्यातला एक धागा काढून टाकायचा आणि मॉडेल परत चालवायचं. कुठला तुटला तर सर्वांत जास्त वस्त्या उघड्या पडतात ते दिसतं. मग जूनच्या आधी गाडी कुठल्या बाजूला हलवून ठेवायची हे ठरवता येतं. मात्र अमुक गाडी बंद पडण्याची शक्यता इतकी, तमुकची इतकी, आणि दोन्ही एकदम बंद म्हणजे गुणाकार, असा हिशेब अशा दिवशी साफ फसतो. दोघींचं कारण एकच पाऊस असतो.

डॉ_पाणंद

आता मलाही बोलायला हुरूप आला. सर्पदंशाचं सांगतो.

आमच्या भागात फुरसं फार. लावणीच्या दिवसांत आणि पुढे गवत कापताना हातापायाला चावतं. प्रतिविष सुरुवातीलाच साधारण ८ ते १० व्हायल (छोट्या कुप्या) लागतं. एकदा वरून आलेल्या साहेबांनी सुचवलं की सगळ्या केंद्रांतला साठा तालुक्याच्या ठिकाणी एकत्र ठेवू, कमी साठ्यात भागेल आणि मुदत संपून फुकटही जाणार नाही. मी तेव्हा भांडलो होतो. गणितात साहेबांचं बरोबर होतं का?

गणू_गणिती

अर्धं बरोबर. नऊ केंद्रांतली मागणी एकमेकांपासून स्वतंत्र असेल तर अडीअडचणीसाठीचा जादा साठा एकत्र ठेवल्यावर नऊपट लागत नाही, नऊचं वर्गमूळ म्हणजे तीनपट पुरतो. पण तुम्हीच लिहिलंत की लावणीच्या दिवसांत सगळीकडे एकदम दंश होतात. म्हणजे मागणी स्वतंत्र नाही आणि तीनपटीचा फायदा आटतो. शिवाय व्हायल तालुक्याला आणि माणूस वाडीत, मधली मिनिटं कुणाची?

डॉ_पाणंद

हेच मला त्या बैठकीत मांडता आलं नव्हतं, धन्यवाद. आता वैद्यकीय बाजू जोडतो. फुरशाच्या विषाने रक्त गोठत नाही. ते बघायला कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं हलवायचं नाही. गोठलं नाही तर पहिला डोस, आणि पुन्हा चाचणी ६ तासांनी. म्हणजे पहिल्या डोसाला थांबायला वेळ नाही, पण दुसरा लागला तर तो आणायला किंवा रुग्ण हलवायला ६ तास आहेत. तेव्हा पहिला डोस प्रत्येक केंद्रात, त्यापुढचा साठा तालुक्याला. असं बसतं का गणितात?

गणू_गणिती

चपखल बसतं. काय वाटून ठेवायचं आणि काय एकत्र, हे त्या ६ तासांनीच ठरवून दिलं. डॉक्टर, हा प्रतिसाद तसाच्या तसा वर पाठवा.

माहेर_महाड

विंचवाचंही आठवलं. डॉ. हिम्मतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते तेव्हा लाल विंचवाने माणसं पटापट जायची. त्यांनी एकेका रुग्णाजवळ बसून लक्षणं, नाडी, रक्तदाब लिहून ठेवले, ते १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलं आणि पुढे प्राझोसिनची गोळी वापरात आली. आमच्या घरात ते नाव देवासारखं घेतात. ताई, तुमच्या वहीवरून तेच डोळ्यांसमोर आलं. लहान केंद्रात बसून नीट नोंद ठेवणाऱ्याचं मोल मोठं असतं.

हापूस_उशिरा

रुमाल उचलतो. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचं उदाहरण कसं आलं नाही अजून? डॉ. वेंकटस्वामींनी १९७६ मध्ये ११ खाटांवर सुरू केलं. एका शल्यविशारदाला दोन टेबलं, एकावर शस्त्रक्रिया चालू असताना दुसऱ्यावर पुढचा रुग्ण तयार. डॉक्टरांचा वेळ वाया जात नाही. आपल्याकडे हेच का करत नाहीत?

डॉ_पाणंद

@हापूस_उशिरा, तिथे एकामागून एक मोतीबिंदू असतात, प्रत्येकाला जवळजवळ सारखाच वेळ. माझ्यासमोर आधी सर्दी, मग पोटातलं मूल न हलणारी बाई, मग दाखल्यावर सही. सारख्याला सारखं लावता येतं.

सड्यावरची

पण डॉक्टर, यातूनच मला धागा सापडला. आपल्या रांगेतही सारखी माणसं आहेत, ती फक्त वेगळी काढलेली नाहीत. माझ्या वहीतले मंगळवारचे निम्म्याहून जास्त लोक बीपी-शुगरच्या त्याच गोळ्या पुन्हा न्यायला आलेले होते. वेळेतली कमीजास्त गेली तर त्याच ओझ्यावर रांग निम्म्यापर्यंत उतरू शकते.

वस्तीची_गाडी

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, निवृत्त झालो. साडेबाराची गाडी अर्धा तास पुढे न्या, असं सगळे सहज म्हणतात. ती गाडी अर्धा तास उशिरा सुटली की तिची पुढची फेरी मोडते, चालक-वाहकांची ड्यूटी वाढते, आणि शाळा सुटल्यावर मुलं थांब्यावर उभी राहतात. सकाळच्या दोन गाड्या दहा मिनिटांच्या अंतराने पोचतात त्या कॉलेजच्या वेळेमुळे. गाडी हलवायची तर ग्रामपंचायतीच्या ठरावासह आगार व्यवस्थापकांना अर्ज करा, होईल, पण वेळ लागेल. तोवर गाडी हलत नाही असं धरूनच तुमचं गणित मांडा.

रांगोळी९

+१. काका, अजून लिहा.

सड्यावरची

मोठा खंड पडला, क्षमस्व. काय झालं ते सांगते.

काकांचं ऐकून गाडी जागच्या जागी ठेवली. मोफत मिळणाऱ्या सिमपाय नावाच्या साधनाने पायथनमध्ये मॉडेल लिहिलं. आधी जुनाच मंगळवार त्यात घातला आणि वहीतल्याइतकीच रांग दिसते का ते पाहिलं. पहिल्यांदा दिसली नाही, मॉडेलमधली रांग बरीच आखूड येत होती. कारण सापडायला चार दिवस गेले: केसपेपरवर नाव सापडलं नाही की लोक परत मागे येतात, ते मी धरलंच नव्हतं. ते घातल्यावर जुळलं. जुळल्याशिवाय अधीक्षकांकडे जायचं नाही असं ठरवलं होतं.

मग चार-पाच बदल चालवून पाहिले. आणखी एक केसपेपरची खिडकी उघडून साडेबाराला रिकाम्या हाती जाणारे जवळजवळ तेवढेच राहत होते, फक्त आधी थांबायचे ते नंतर थांबायला लागले. सर्वांत जास्त फरक ज्याने पडला तो असा: दुपारी फार्मासिस्ट मोकळे असतात, तेव्हाच दुसऱ्या दिवशी येणाऱ्या जुन्या बीपी-शुगरवाल्यांच्या गोळ्या नाव लिहून पुड्यांत बांधून ठेवायच्या. सकाळी सिस्टर बीपी मोजणार, ठरलेल्या मर्यादेत असेल तर डॉक्टरांची सही आणि पुडी, वर असेल तर डॉक्टरांपुढे. मर्यादा अधीक्षकांनीच घालून दिली, आणि चक्कर, पायाला सूज असं काही सांगितलं तर आकडा कितीही असो, डॉक्टरांकडे. यादी आशाताईंनी दिली. त्यांच्याशिवाय हे झालंच नसतं, कुणाच्या गोळ्या कधी संपतात ते त्यांना तोंडपाठ असतं.

आधी मंगळवारी गोळ्यांशिवाय गाडी पकडणारे वहीत १४ होते. पहिल्या नव्या मंगळवारी ५. दुसऱ्या मंगळवारी २. तिसऱ्याला पुन्हा ११, आणि मी रडायच्या बेतात.

गजालीकार

तिसऱ्या मंगळवारी मोठो बाजार होतो काय गो? सणाच्या आदलो? आमच्या हय बाजाराच्या दिवशी माणसा आधी बाजार करतत, मगे दवाखानो. अकराक येतली.

सड्यावरची

@गजालीकार, बरोबर! नारळी पौर्णिमेच्या आधीचा बाजार. सगळे अकरानंतर आले, पुड्या तयार होत्या पण बीपी मोजायला एकच सिस्टर. आता बाजाराच्या दिवशी अकरानंतर बीपीला दुसऱ्या सिस्टर बसणार आहेत. गणपतीत चाकरमानी येतील तेव्हा काय करायचं ते अजून चालवून बघायचंय.

त्या आजी भेटल्या. पुडी घेऊन सव्वाअकराला बाहेर आल्या आणि थांब्यावर तासभर बसून राहिल्या. म्हटलं, आजी, आता गाडीला वेळ आहे. म्हणाल्या, "बरं वाटतं गो असं बसायला."

डॉ_पाणंद

तुमची बीपीची मर्यादा आणि पुडीची पद्धत व्यक्तिगत निरोपात पाठवा. आमच्याकडे फार्मासिस्ट आठवड्यातून तीनच दिवस असतात, तेवढं धरून मॉडेल चालवता येईल का? प्रतिविषाचा कागद वर पाठवला आहे.

वस्तीची_गाडी

ताई, एक राहिलं. सकाळच्या दोन गाड्यांपैकी दुसरी शालेय फेरी आहे. गणपतीची आणि दिवाळीची सुट्टी लागली की ती रद्द असते. त्या दिवसांत सगळे पहिल्याच गाडीला लोंबकळतात, नाहीतर येतच नाहीत.

सड्यावरची

काका, हे वहीत नव्हतं! सुट्टीतल्या फेऱ्यांचा तक्ता आगारात मिळेल ना? उद्या सकाळीच जाते. @डॉ_पाणंद, निरोप पाठवलाय, तुमचे ते तीन दिवस कोणते तेवढं कळवा.